जिभेखालची गोळी

"हाऽ करा."

"रोज काय गं हे?"

"उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी हाऽ करा म्हटलं ना."

"शालिनी, अगं शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. माझ्या बापाच्या वेळीही शेजारी ऐकतच होते."

"मी तुझा बाप नाही."

"तेच बघतेय. करा."

हे भांडण मी ऐकलं त्याला बरीच वर्षं झाली. आम्ही बडोद्यात गोरव्याला राहतो ती टेनामेंट म्हणजे जुळी घरं. दोन संसारांत मिळून एक भिंत, आणि तीही बिल्डरने पापडासारखी लाटलेली. पलीकडच्या कुकरची शिट्टी ऐकून मी चुकून माझा गॅस बंद करते. तेव्हा म्हातारीने मुद्दाम कान लावला असं कुणी म्हणू नये.

जनार्दन शेवटी हाऽ करायचा. शालिनी त्याचं तोंड हुंगायची, मग हातातला डबा घ्यायची आणि चहा टाकायची. वास कधी आला नाही. तिचा बाप नवापूरकडचा, दारूने गेला. बडोद्याचं स्थळ सांगून आलं तेव्हा तिच्या आईने पत्रिका पाहिली नाही, राज्य पाहिलं. गुजरातेत दारूबंदी, पोरगी सुखात राहील. आता दारूबंदीत दारू कुठल्या गल्लीत मिळते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण त्या माउलीला कोण सांगणार. ते असो. जनार्दनने आयुष्यात दारूला बोट लावलं नाही हे मात्र खरं. तो जे घेत होता त्याला वासच नव्हता.

जनार्दन आता नाही. हार्टने गेला, असं त्याचा भाऊ सांगतो. सोसायटीतले लोक आवाज खाली करून दुसरं सांगतात, "गोळ्या खायचा ना तो." दोन्ही ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही होते. म्हणून मी, चौथी शिकलेली बाई, हे लिहायला बसले. कुणाला राग आला तर त्याने खुशाल घरी यावं, चहा देईन आणि तोंडावर पुन्हा हेच सांगेन.

जनार्दन टर्नर होता. गोरव्यातल्याच एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लेथ चालवायचा. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते वकील करतील आणि मला भाजी निवडायलाही सवड मिळत नाही. तिथे जड माल लेथवर चढवायला साखळीची कप्पी होती, चेनपुली म्हणतात तिला. ती मोडली आणि मोडलेलीच राहिली. का राहिली? कारण चेनपुली आणायची तर शेठला विचारावं लागतं, आणि माणूस मोडला तर ठेकेदार न विचारता दुसरा आणतो. एक दिवस लोखंड उचलताना जनार्दनच्या कंबरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तो जागच्या जागी बसला.

अशा माणसाला घरी पाठवायचं की नाही? हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं की नाही? मुकादमाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"ले, बे गळी जा, जनुभाई," तो म्हणाला. म्हणजे घे, दोन गिळून टाक. "हमणां घोडा जेवो थई जशे."

आणि झालाही तो घोडा. त्याने पुढे कधीतरी मला सांगितलं, "मावशी, दुखणं तर थांबलंच, पण वर असं वाटलं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. डबल पाळी कधी संपली कळलं नाही." लहानपणी आईबाप गेलेला पोर तो. पाठीवरून हात फिरवणारं त्याला कोण भेटलं होतं? ते त्याला मुकादमाच्या पट्टीत भेटलं.

मग डबल पाळी असली की मुकादम गेटवरच गोळ्या द्यायला लागला, सत्यनारायणाच्या प्रसादासारख्या. एकटा जनार्दन नव्हता, सगळी पाळीच घोडे झाली होती. मुकादमाकडच्या पुरेनात तेव्हा नाक्यावरचं मेडिकल होतं. ह्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. पण मेडिकलवाल्याच्या डोक्यावर देवीचा फोटो, समोर उदबत्ती, हाताशी गल्ला. चिठ्ठी मागायला त्याच्याकडे चौथा हात नव्हता. दोनाच्या चार झाल्या, चाराची मूठ झाली. रोज संध्याकाळी जनार्दन दारात हाऽ करायचा आणि पास व्हायचा.

मग एका दिवाळीत मेडिकलवाला कुटुंबासकट फिरायला गेला. दुकान बंद. जनार्दन जांभया द्यायला लागला, एकामागून एक, जबडा निखळेल अशा. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा, जुलाब. पायाला गोळे यायचे तेव्हा तो भिंतीवर लाथा मारायचा, माझ्या बाजूची भांडी वाजायची. शालिनीला वाटलं ताप. मग वाटलं नजर. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या नाहीत, म्हणजे नजर नव्हती. चौथ्या दिवशी फटाक्यांच्या रिकाम्या खोक्यामागे तिला रिकाम्या पट्ट्यांचा ढीग सापडला. ओटीत भरून माझ्याकडे घेऊन आली.

"मावशी, हे कसलं औषध आहे? एवढं कुणाला लागतं?"

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी रोज हुंगत होते हो."

आता सुभानराव. जनार्दनचे मोठे भाऊ, रेल्वेतून रिटायर, प्रतापनगरला राहतात. धाकट्याला त्यांनी वाढवलं हे खरं आहे आणि ते कुणाला विसरू देत नाहीत हेही खरं आहे. आले ते गालात मावा धरून. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये चोळून केलेला चुरा. इकडचे पुरुष तो दिवसभर तोंडात धरतात. मोरीत पिंक टाकून म्हणाले, "आमच्या घराण्यात व्यसन नाही."

मी म्हटलं, "मग मोरीत आत्ता काय टाकलंत?"

"मावशी, तुम्ही मधे पडू नका."

"मी कुठे पडते? तुमचा भाऊ पडलाय. त्याला डॉक्टरकडे न्या."

"हा डॉक्टरचा विषय नाही, मनाच्या ताकदीचा आहे. मी व्यवस्था केलीय."

व्यवस्था म्हणजे शहराबाहेरचं एक व्यसनमुक्ती केंद्र. फाटकावर उगवत्या सूर्याचं चित्र. दुपारी चौघे जीप घेऊन आले आणि जनार्दनला ताटावरून उचललं, हाताला वरणभात तसाच. सगळी सोसायटी गॅलरीत उभी होती. चोराला नेतानाही पोलीस हात धुऊ देतात.

तिथे काय झालं ते त्याने शालिनीला कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, मटार सोलता सोलता. डॉक्टर म्हणून तिथे कुणी नव्हता. अंग कापायला लागलं की थंड पाण्याची बादली ओतायचे. कुणी ओरडला की तळपायावर पाइप. संध्याकाळी सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं आणि म्हणायचं, "मी घाणेरडा माणूस आहे." दिवसभर वाकून फरश्या पुसायच्या. कंबर मोडली म्हणून जो गोळीला लागला, त्याला वाकून फरश्या. एवढ्या दिवसांत एका माणसाने विचारलं नाही की बाबा, तुझं दुखतं कुठे?

सोडलं तेव्हा सुभानरावांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला. खोटं कशाला सांगू, पेढा चांगला होता. आठवडा झाला नसेल, भिंतीपलीकडून शालिनीची हाक आली. जाऊन बघते तर जनार्दन पलंगावर, ओठ जांभळे, श्वास कुठेतरी खोल विहिरीत अडकल्यासारखा. कंबर पुन्हा धरली होती, मेडिकल पुन्हा उघडं होतं. त्याने जुन्या सवयीने जुनी मूठ घेतली होती. रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेला. वेळेवर पोचलो म्हणून वाचला.

तिथे एक डॉक्टरीणबाई भेटली, मिताली नावाची. रावपुऱ्याच्या मराठी घरातली, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. वयाने माझ्या नातीएवढी, पण बोलणं असं की मी गप्प बसून ऐकलं, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते माझ्या सुनेला विचारा.

"केंद्रातून बरे होऊन आले होते हो," शालिनी म्हणाली.

"बरे होऊन नाही, सवय मोडून आले होते. दुखणं तसंच, तलफ तशीच, फक्त अंगाची झेपवायची ताकद गेलेली. काही दिवस बंद करून पुन्हा जुन्या मापाने घेतात ना, तीच माणसं जातात. हे लक्षात ठेवा तुम्ही दोघी."

मग तिने उपाय सांगितला. एक गोळी. रोज सकाळी दवाखान्यात यायचं, सिस्टरच्या समोर ती जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तिने तलफ थांबते, हातपाय मोडून येत नाहीत, आणि ठरल्या मापात घेतली तर माणूस झिंगत नाही. सोबत कंबरेचे व्यायाम शिकवणारा वेगळा माणूस, आणि आठवड्यातून एकदा नवराबायकोने समोर बसून बोलायचं. शालिनीला म्हणाली, "तुम्ही हुंगणं सोडा. संध्याकाळी विचारत जा, आज कंबर कशी आहे, मन कसं होतं."

"आणि खोटं बोलले तर?"

"बोलतील थोडे दिवस. तुम्ही विचारत राहा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, गोळी सोडवायला गोळीच? मग ही कधी सुटायची?"

"आजी, तुम्ही बीपीची गोळी घेता?"

"घेते की."

"ती कधी सुटणार?"

"मी सुटेन तेव्हा."

ती हसली. "मग याच्यावरच का डोळा? याची कदाचित तुमच्याआधी सुटेल. पण केव्हा आणि कशी उतरवायची ते मी ठरवणार. मनाने बंद केली तर जीव जाईल."

तिथून पुढची दोन-तीन वर्षं जनार्दनची चांगली गेली. त्याचंच आयुष्य मोजायचं झालं तर मी ही वर्षं मोजेन. कारखाना सुटला. तो घरच्या ओट्यावर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला बसला. सकाळी दवाखान्यात जायचा, तोंड मिटून बसायचा, यायचा. पुढे डॉक्टरीणबाईचा भरवसा बसला तशी काही दिवसांची गोळी घरी द्यायला लागली. माझ्या बीपीच्या गोळ्याही त्याच दवाखान्यात फुकट मिळतात. माझे गुडघे रांगेत उभे राहू देत नाहीत, म्हणून त्या तोच आणायचा. संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "आज कंबर कशी आहे?" आणि तो म्हणायचा, "कंबर आहे अजून, पळून नाही गेली." शालिनी हसायची. त्या घरात हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. भिंत पातळ असण्याचा एवढा एकच फायदा झाला मला.

आणि मग रसिकाचं लग्न ठरायला आलं. रसिका सुभानरावांची मुलगी. जनार्दन-शालिनीला मूल नाही, रसिका या काकाच्या खांद्यावर बसून गरबा बघत मोठी झाली. स्थळ चांगलं, मुलगा धवल कंपनीत इंजिनिअर. पण मुलाच्या मामाने जनार्दनला दवाखान्यात त्या गोळीच्या खिडकीपाशी बसलेला पाहिला आणि चौकशी केली.

सुभानराव तावातावाने आले. मी तिथेच होते, शालिनीबरोबर पापड घालत. मुद्दाम उठले नाही.

"तीन महिने केंद्रात ठेवलं, माझी पेन्शन ओतली, आणि हा अजून गोळ्या खातो?"

"दादा, ते औषध आहे," जनार्दन म्हणाला.

"औषध पंधरा दिवसांचं असतं. वर्षानुवर्षं रोज घेतात ते व्यसन."

मी म्हटलं, "मग मी व्यसनी. आणि तुमच्या सौभाग्यवती साखरेची गोळी घेतात, त्याही. एक केंद्र आम्हा बायकांसाठीही बघून ठेवा."

"तुमचं तोंड म्हणजे..."

"माझं तोंड राहू द्या. तुमच्या तोंडात काय आहे ते थुंकून या, मग बोलू."

ते थुंकून आले. त्यांना बोलायचंच होतं. खाली बसले आणि आवाज एकदम मऊ केला. ओरडले असते तर जनार्दन कदाचित टिकला असता.

"जना, तुला मी बापासारखं वाढवलं. कधी काही मागितलं? आता मागतो. त्या लोकांना मला सांगायचंय की माझा भाऊ व्यसनमुक्त आहे. पोरीचं लग्न तुझ्या हातात आहे."

जनार्दन पंख्याचं पातं पुसत होता. पुसतच राहिला. शेवटी म्हणाला, "बघतो, दादा."

इकडे नवसाला बाधा म्हणतात. एखादी गोष्ट सोडली असं देवीपुढे बोलायचं, काम झालं की श्रीफळ वाढवायचं. गुजराती शेजाऱ्यांकडून आम्ही मराठ्यांनी ढोकळा घेतला तशी बाधाही घेतली. कुणी भात सोडतं, कुणी चप्पल. नवरात्रात अष्टमीला सुभानराव जनार्दनला देवळात घेऊन गेले. मुलाकडची माणसंही बोलावली होती, म्हणजे देवी आणि व्याही दोघांना एकदमच ऐकू जाईल. सुभानरावांनी मोठ्याने म्हटलं, "आजपासून माझा भाऊ कसलीही गोळी तोंडात घालणार नाही."

मी मागून म्हटलं, "डोकं दुखलं तर?"

"मावशी, देवीपुढे नका ना," शालिनीने माझा हात दाबला. तिच्यावर मला रागवता येत नाही. जिचा बाप शपथा मोडत मेला, तिला एक न मोडणारी शपथ हवी होती. देवीपुढची मोडणार नाही असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं होतं. घरी जाऊन तिने स्वतःच्या हाताने औषधाची पट्टी कचऱ्याच्या गाडीत टाकली. त्या देवळाचा पुजारी स्वतः साखरेचं इंजेक्शन टोचून घेतो, त्याला देवी काही म्हणत नाही. देवीने कधी कुणाचं औषध मागितलंय? मागतात ती माणसं, आणि नाव तिचं घेतात.

मी गुडघे धरत रिक्षाने दवाखान्यात गेले आणि मिताली डॉक्टरला सगळं सांगितलं. तिने तिथल्या तिथे सुभानरावांना फोन लावला. समजावून सांगितलं, घेऊन या म्हणाली, तुमच्या मुलाकडच्यांशीही मी बोलते म्हणाली. पलीकडून सुभानराव काय बोलले ते मला ऐकू आलं, त्यांचा आवाज फोनला जुमानत नाही. "तुमचं बरोबर आहे, मॅडम. पेशंट सुटला की तुमची खिडकी बंद पडते." तिने फोन ठेवला आणि चष्मा पुसत राहिली. मग जनार्दनला लावला. तो म्हणाला, "लग्न झालं की येतो, मॅडम." शालिनीला लावला तर तिने उचलला नाही.

मीही त्याला दोनदा ओट्यावर गाठला. "अरे जनार्दना, बाई काय म्हणाली होती आठवतंय ना? मनाने बंद केली तर जीव जाईल."

"आठवतंय, मावशी. लग्न होईपर्यंत फक्त. दादाने पहिल्यांदा काही मागितलंय."

"त्याने मागितलं तर मूत्रपिंड दे. ते एकाने चालतं."

तो हसला. हसताना जांभई आली. ती मी ओळखली.

दसरा गेला. जनार्दन उकाड्यात शाल घेऊन बसायला लागला. भिंतीवर पुन्हा लाथा ऐकू यायला लागल्या, पण आता तो उशी मधे धरत असावा, आवाज दबका यायचा. शालिनी म्हणायची, "निघतंय ते विष, मावशी. निघू दे." कंबर कशी आहे हे विचारणं बंद झालं होतं. बाधा घेतलेल्या माणसाची कंबर दुखत नाही.

तो गेला भर दुपारी, ओट्यावर, समोर अर्धा उघडलेला पंखा ठेवून. शालिनी पोस्टात गेली होती. ती आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसल्यासारखा होता आणि ओठ जांभळे होते. या वेळी रिक्षाचा उपयोग झाला नाही. पंख्याच्या खोक्यात नाक्यावरच्या मेडिकलची पट्टी निघाली, रिकामी, आणि सोबत झोपेच्या गोळ्या. नवी नाही, जुनीच मूठ. जिच्याबद्दल डॉक्टरीणबाईने बजावलं होतं तीच.

ती पट्टी सुभानरावांनी खिशात घातली. लोकांना सांगितलं, हार्ट. स्मशानातून आल्यावर बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना म्हणाले, आणि हे मी खिडकीतून माझ्या कानांनी ऐकलं, "एक समाधान आहे. शेवटी निर्व्यसनी गेला." आणि गालात मावा भरला.

मी बाहेर गेले. सुतकाच्या घरात मोठ्याने बोलू नये म्हणतात. मी बोलले. "सुभानराव, त्याच्यापुढे दोन गोळ्या होत्या. एक जगवणारी आणि एक मारणारी. जगवणारी तुम्ही देवीपुढे नेऊन बंद केलीत. मारणारी नाक्यावर अजून मिळते, सकाळी दहा ते रात्री दहा. तिच्यासाठी कुणी बाधा घेतली नाही." खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज झाले. मला सुनेने आत नेलं.

कारखान्याचा मुकादम तेराव्याला जेवून गेला. चेनपुली अजून मोडलेलीच आहे, असं त्याच्याच पाळीतला एक जण जेवताना सांगत होता. त्या केंद्राने फाटकावरच्या सूर्याला नवा रंग दिलाय. मेडिकलवाल्याने सांत्वनाला हार पाठवला. या सगळ्यांची नावं शुद्ध. बदनाम एकटा जनार्दन, ज्याने कुणाचं काही वाकडं केलं नाही.

रसिका माझ्याकडे आली होती, लग्न पुढे ढकलल्यावर. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, धवलला मी आधीच सांगितलं होतं काकांचं. तो म्हणाला, औषधच आहे ना, घेऊ देत की. मोठ्यांनी मला विचारलंच नाही." तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. आमच्याकडे मुलीला साडीचा रंग विचारतात.

शालिनी शिवण घेते आता. तिच्याशी मी भांडत नाही. संध्याकाळी मीच हाक मारते, "शालिनी, आज मन कसं होतं?" कधी उत्तर येतं, कधी येत नाही. मी विचारत राहते.

ज्या दिवशी तो गेला त्या सकाळी माझ्या गोळ्या आणायचा दिवस होता. मी म्हटलं, "राहू दे रे, अंगावर शाल आहे तुझ्या, उद्या जा." तो म्हणाला, "तुमच्या कालच संपल्यात, मी डबी बघितली." गेला, रांगेत उभा राहिला, आणि नाश्त्याच्या वेळेला परत आला. नाक गळत होतं, कपाळाला घाम.

"डॉक्टरीणबाई दिसली का?"

"खिडकीतून हाक मारली त्यांनी. मी हात केला."

"जायचं होतंस दोन मिनिटं."

"गेलो असतो तर तोंड उघडावं लागलं असतं, मावशी."

मला बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून पट्ट्या कापून तोच माझ्या डब्यांत भरायचा. एक गोळी घरंगळून पलंगाखाली गेली, ती वाकून काढली, वाकताना कंबर धरली. फुंकून पुसून डबीत टाकली.

"पांढरी सकाळी, गुलाबी रात्री. उलटं करू नका."

"मला काय वेड लागलंय?"

"मागच्या वेळी केलंत. आणि चहा झाल्यावर घ्या, उपाशीपोटी नको."

"चहा टाकू तुला?"

"नको. पारेखांचा पंखा द्यायचाय दुपारपर्यंत."

माझ्यासमोर पांढरी गोळी घ्यायला लावली, पाण्याचा पेला हातात दिला, मी गिळली का ते पाहिलं. मग शाल सावरत उठला आणि जाताना फाटकाची कडी लावून गेला, गाय आत येते म्हणून.